काय दुखते, ताई?

अमेरिकेत कुणीही भेटलं की विचारतं, "हाउ आर यू?" आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. मी इथे आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिलं वर्षभर मी लोकांना थांबवून खरंखुरं उत्तर द्यायची. "बरी आहे, पण कालपासून जरा ॲसिडिटी झालीय, काय झालं, आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी..." समोरचा बिचारा लिफ्टचं दार धरून उभा! शेवटी माझ्या मुलीनंच मला सांगितलं, "आई, यू जस्ट से गुड." झालं, तेव्हापासून मी गुड. पाय मुरगळला तरी गुड, ताप असला तरी गुड.

आमच्या ऑफिसात एका माणसाला मात्र हे कधी जमलं नाही. ते विचारायचेच वेगळं. सकाळी नऊला तुमच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, एकदा तुमच्याकडे, एकदा तुमच्या खुर्चीकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय दुखते?"

गोऱ्यांनाही हेच. "व्हॉट इज पेनिंग?" समोरचा दचकायचाच.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. अमेरिकन लोक 'बाऊ' म्हणायचे, ते त्यांना चालायचं. भाऊ मूळचे नागपूरचे. न्यू जर्सीत पार्सिपनी नावाच्या गावात आमचं ऑफिस होतं, हॉस्पिटलांची बिलं तपासायचं. तीन मजले, सव्वादोनशे माणसं, आणि सगळी दिवसभर बसलेली. भाऊंच्या ताब्यात इमारतीची देखभाल होती. शिडीवर चढून दिवे आणि एसी, शिवाय प्रिंटर आणि खुर्च्या. विशेषतः खुर्च्या. गळ्यात शिंप्यासारखी कापडी टेप, एका खिशात स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्या खिशात तेलाची छोटी बुधली. कुठे खुर्ची कुरकुरली की तिसऱ्या मजल्यावरून त्यांना ऐकू जायचं. "खुर्ची खोटं बोलत नाही ताई," ते म्हणायचे, "मानूस बोलते. मानसाले इचारलं तर म्हनते, गुड. खुर्ची सांगते, हा डाव्या कुल्ल्यावर बसून राहिला, याची कंबर गेली."

माणूस बाकी साधा, पण एक वेड होतं. भाऊ कधी बसायचे नाहीत.

कधीच नाही. मी बारा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, मी सांगते ना. डबा खायचे तो फायलींच्या उंच कपाटावर ठेवून, उभ्याने. मीटिंगमध्ये भिंतीला टेकून उभे. खुर्ची दुरुस्त करायची तर ती टेबलावर उलटी ठेवायची आणि आपण उभं राहून करायची. आमच्याकडे गणपतीला यायचे, सगळे पानावर बसलेले आणि हे ओट्यापाशी उभे. मी म्हणायची, "भाऊ, बसा हो, पाहुणे तुम्ही." तर म्हणायचे, "उभ्यानं दोन मोदक जास्त जातात जी." गाडी चालवायला तेवढे बसायचे, पण ती गाडीसुद्धा उंच, व्हॅन. तीतून ते उतरायचे नाहीत, घसरत खाली यायचे.

ऑफिसातल्या तरुण मंडळींना याचं मोठं कौतुक. "ही इज सो फिट, यार!" दोघातिघांनी तर त्यांचं बघून उभं राहून काम करायची टेबलं मागवून घेतली. आठवड्याभरात त्या टेबलांवर जॅकेटं वाळत पडली, ती गोष्ट वेगळी.

आणि हे उभं राहणंच त्यांना भोवलं. त्याचं असं झालं, की वरून कंपनीचा हुकूम आला, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी कार्यक्रम सुरू करा. वेलनेस प्रोग्रॅम. आमच्या एच.आर.च्या बाईंनी सगळ्यांना जमवलं आणि विचारलं, कोण पुढाकार घेणार? सगळे टेबलाखालच्या फोनमध्ये. बाईंनी नजर फिरवली, तर अख्ख्या खोलीत उभा माणूस एकच. "ओह, थँक यू, बाऊ!" आणि लिहिलं नाव.

बाईंचा पहिला आग्रह असा, की तुम्ही इंडियन आहात, तर जेवणाच्या सुट्टीत योगा शिकवा.

"मले योगा येत नाही मॅडम," भाऊ म्हणाले, "मी नागपूरचा आहो. आमच्याकडे ऊन असते." हे त्यांनी अर्थात इंग्रजीत सांगितलं, पण भाऊंचं इंग्रजीही नागपूरचंच. मी इथे मराठीतच लिहिते, नाहीतर त्याची चव जायची.

मग बाईंनी फळांची टोपली आणली, जिन्यापाशी 'लिफ्ट नको, पायऱ्या चढा' असं चित्र लावलं. फळं सोमवारी संपायची, कारण मेलरूममधला एक सहा फुटी गडी केळी घरी न्यायचा. चित्राखाली उभं राहून लोक लिफ्टची वाट बघायचे. भाऊंनी दोन आठवडे हे सगळं बघितलं आणि एक दिवस लाल पुठ्ठ्याची लांबडी वही घेऊन आले. म्हणाले, "आधी इचारा, मग औषध द्या. इचारलं कोनी?"

ती दुखण्याची वही. भाऊ टेबलाटेबलाशी जाऊन विचारायला लागले आणि लिहून घ्यायला लागले. तीन दिवसांनी एच.आर.च्या बाई पांढऱ्याफटक होऊन धावत आल्या. अमेरिकेत असं कर्मचाऱ्याला दुखणं विचारता येत नाही हो, ती खासगी गोष्ट, उद्या कुणी कोर्टात गेलं म्हणजे? भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. भरलेली पानं सगळी फाडून श्रेडरमध्ये घातली, फक्त पहिलं ठेवलं. आणि वही पॅन्ट्रीत कॉफी मशीनजवळ सुतळीनं बांधून टाकली. सोबत पेन्सिल. वर लिहिलं, नाव लिहू नका, दुखणं लिहा.

पहिले चार दिवस वही कोरी. पाचव्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'सोमवार'.

सगळे हसले, आणि तिथून लोकांचा हात सुटला. 'मान.' 'डोळे, दुपारी तीननंतर.' 'टाचा.' 'डोकं, पण फक्त बारा नंबरच्या रांगेत.' भाऊ रोज सकाळी वही वाचायचे आणि गळ्यातली टेप सावरत निघायचे. मान दुखणाऱ्यांचे स्क्रीन कागदाच्या रिमांवर चढवले. बारा नंबरच्या रांगेवर एसीचा गार झोत थेट डोक्यात बसत होता, त्याला पुठ्ठा लावून वळवला. मेलरूममध्ये टाचांखाली जाड रबराची चटई आली, तेव्हा आम्हाला कळलं की टाचा त्या सहा फुटी गड्याच्या. एकानं लिहिलं, 'माझा मॅनेजर.' त्यावरही भाऊंनी उपाय केला. वायरिंगचं निमित्त काढून त्या मॅनेजरचं टेबल प्रिंटरच्या शेजारी नेलं. दिवसभर लोक येऊन त्याच्या डोक्याशी खडखडाट करायचे, त्याला कुणाच्या मागे उभं राहायला सवडच मिळेना.

पण सगळ्यात गंमत झाली ती 'पोटा'ची. वहीत सारखं यायला लागलं, पोट, पोट, पोट. भाऊंना कळेना. मग त्यांना दिसलं की बारा ते एक, नेमकी जेवणाच्या वेळी, सगळ्या मीटिंगा. माणसं दोन वाजता किंवा अजिबातच जेवायची नाहीत. भाऊंनी कुणाला अर्ज केला नाही, विनंती केली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाराला सगळ्या मीटिंगच्या खोल्यांना कुलूप आणि दारावर पाटी: गालिचा धुणं चालू आहे.

दोन महिने! अहो, दोन महिने रोज बारा ते एक गालिचे धुतले जात होते. साऱ्या न्यू जर्सीत एवढे स्वच्छ गालिचे कुणाचे नसतील. एच.आर.च्या बाईंच्या लक्षात आलं तोवर लोकांना एकत्र जेवायची सवय लागून गेली होती. माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीला तर नंबर लागायचे. शेवटी बाईंनीच नियम काढला, जेवणाच्या वेळी मीटिंग नाही. आणि भाऊंना म्हणाल्या, "आता कुलपं काढा, प्लीज."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वहीत मीही लिहिलं होतं. कुणी नसताना पॅन्ट्रीत जाऊन, घाईघाईत, इंग्रजीत, मुद्दाम वाकड्या अक्षरात: 'उजवा खांदा.' मला बासष्ट पूर्ण झाली होती. खांदा कधी धरला कळलंच नाही, पण हळूहळू हात वर जाईना. आधी वरच्या फळीवरचा डबा गेला, मग वेणी गेली, मग कोटाची बाही घालताना डोळ्यांत पाणी. आमचं काम सगळं हाताचं, बोटं सारखी चाललेली. मी कुणाला न सांगता माऊस डावीकडे घेतला आणि डाव्या हातानं शिकले. वेग कमी पडायचा, तो भरून काढायला सकाळी अर्धा तास लवकर जायची.

सांगितलं का नाही? आदल्याच वर्षी आमच्यातली एक बाई मनगटासाठी सुट्टीवर गेली आणि तिच्या खुर्चीत दुसरी आली. आणि आमच्या ह्यांचं बायपास झालेलं, दोघांचा इन्शुरन्स माझ्या नोकरीवर. पासष्टाला सरकारी इन्शुरन्स मिळतो, तोवर तीन वर्षं काढायची होती. म्हणून खांदा माझा मी गिळला. विचारलं तर गुड.

अशात नवे साहेब आले. तरुण, हसतमुख, वाईट नव्हते हो, पण आकड्यांचे शौकीन. वही बघून म्हणाले, छान आहे, पण यातून मोजणार काय? त्यांनी एक बाहेरची कंपनी बोलावली आणि सगळ्यांच्या मनगटाला काळे पट्टे बांधले, पावलं मोजायचे. खालच्या मजल्यावर हा एवढा टीव्ही लागला आणि त्यावर सगळ्यांची नावं क्रमानं. जो पहिला त्याला बक्षीस, आणि तळाच्या दहा जणांनी डॉक्टरकडून तपासणी करून घेऊन, काय बरंवाईट असेल त्याचा फॉर्म भरून आणायचा. त्यांच्या भल्यासाठी. एच.आर.च्या बाईंनी कोर्टाची भीती घातली, पण साहेबांनी ऐकलं नाही.

माझ्या डाव्या हातात घड्याळ आणि आईच्या दोन बांगड्या. म्हणून पट्टा बांधला उजव्या हातात.

आणि मी तळाला. रोज! मी दुपारी पार्किंग लॉटला चार फेऱ्या मारायची, जिने चढायची, तरी माझं नाव खालून दुसरं किंवा तिसरं. फोनवर त्या पट्ट्याच्या ॲपचा रडका चेहरा यायचा, 'आज जरा हलूया का?' मला वाटायचं, फोन फेकून द्यावा. पण फेकून तो फॉर्म थोडाच चुकणार होता? डॉक्टर हात वर करा म्हणणार, आणि माझा हात छातीपर्यंत येऊन थांबणार.

एक दिवस मी फेऱ्या मारत होते आणि भाऊ दिव्याच्या खांबाशी उभे होते. मी तिसऱ्यांदा समोरून गेले तसे म्हणाले, "ताई, जून महिना आहे."

"मग?"

"मग कोट काऊन घातला? आणि त्या खिशात हात काऊन?"

मी हात खिशात आणखी आत सारला.

"तुम्ही चालता त भल्लं," भाऊ म्हणाले. "मी मोजून राहिलो, रोज चार फेऱ्या. पन हा पट्टा हातावर आहे. तुमचा हातच चालत नाही, त बिचारा काय मोजीन?" मग हळू आवाजात म्हणाले, "वहीतला उजवा खांदा तुमचा होय ना?"

मला रडूच फुटलं. दोन गाड्यांच्या मध्ये उभी राहून मी सगळं सांगितलं, ह्यांचं बायपास, तीन वर्षं, फॉर्म, सगळं. शेवटी म्हटलं, "भाऊ, कुणाला सांगू नका."

"मी कोनाले सांगतो?" ते म्हणाले. "मी खुर्च्या दुरुस्त करनारा मानूस. पन तो फॉर्म काही तुम्ही भरत नाही. पाहू."

पाहू म्हणाले आणि त्यांनी खालचं सोडून टीव्हीवरचं वरचं नाव बघायला सुरुवात केली.

पहिला नंबर होता आमच्या आय.टी.मधल्या एका पुण्याच्या इंजिनिअरचा. रोज वीस-बावीस हजार पावलं! सगळे त्याला चॅम्प म्हणायला लागले होते. भाऊ एकदा त्याची खुर्ची तपासून आले आणि मला म्हणाले, "ताई, गादी पार दबली आहे. दिवसभर कोनी उठलं नाही त्याच्यावरून. हा बावीस हजार पावलं चालते कवा?"

"मग साहेबांना सांगा."

"छे! पोराची इज्जत काऊन काढायची? बक्षीस-समारंभाले घरच्यांनाही बोलवा म्हनून सांगतो. घरी चांगलं समजते सगळं."

समारंभाच्या दिवशी सगळे खालच्या मजल्यावर जमलो. तळाच्या दहांचे फॉर्म तिथेच टेबलावर रचून ठेवलेले होते, वरून दुसरा माझा. साहेबांचं भाषण सुरू झालं. पुण्याचा इंजिनिअर त्यांच्या शेजारी उभा, कान लाल. त्याची बायको पुढे खुर्चीत, आणि सहा महिन्यांसाठी आलेली त्याची आई मागे, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. बाळ कुरकुरत होतं म्हणून आजी त्याला थोपटत होत्या. थप, थप, थप.

आणि टीव्हीवर चॅम्पचा आकडा वाढत होता.

तो जागचा हलला नव्हता. साहेब म्हणत होते, 'शिस्त', 'जिद्द', आणि त्यांच्या मागे आकडा चालला, शंभर, दीडशे, दोनशे. आधी मेलरूमचा उंच गडी हसला. मग दोघं, मग चौघं. साहेबांनी मागे वळून बघितलं, मग त्या पोराच्या पायांकडे बघितलं. पाय स्थिर. त्याचं मनगट तर मोकळंच. आणि भाऊंची नजर आजींच्या हातावर. तिथे बांगड्यांच्या खाली काळा पट्टा.

"अगं बाई!" सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर आजी थोपटायच्या थांबल्या. आकडाही थांबला. "हे त्याचं होय? मला वाटलं घड्याळ आहे. हात वर केला की वेळ दाखवतं. ओट्यावर पडलं होतं, मी घातलं."

"आई, प्लीज," इंजिनिअर जमिनीत जायच्या बेतात.

"प्लीज काय? पहाटेपासून पोळ्या मी लाटते, बाळाला मी हिंडवते, तुझे शर्ट मी वाळत घालते. पावलं माझी आणि बक्षीस तुला? चांगलंय!"

एच.आर.च्या बाईंनी अर्थ विचारला. मी सांगितला, शब्दन् शब्द. साहेबांना एवढं हसू आलं की त्यांना माईक खाली ठेवावा लागला. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे नंतरचे सगळे आकडे माफ केले. बक्षीस त्यांनी आजींनाच दिलं, फळांचा रस काढायचा मिक्सर होता. आजींनी तो उलटासुलटा करून बघितला आणि मला विचारलं, "काय हो, यात चटणी होईल का?"

लोक टाळ्या वाजवत असतानाच भाऊ पुढे झाले. साहेबांना म्हणाले, "सर, एक इचारू? वरचा नंबर असा निघाला. मंग खालचे दहा खरे कशावरून?"

टाळ्या थांबल्या. मी मेलरूमच्या गड्याच्या आड सरकले. आता हे माझं नाव घेणार.

भाऊंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पॅन्ट्रीतून सोडवून कपाटावर आणून ठेवलेली लाल वही उचलली, पान उघडलं आणि साहेबांच्या हातात दिलं. "पट्ट्यानं तीन महिन्यात काय सांगितलं? कोन हलते, कोन नाही. काऊन हलत नाही, ते इथे आहे. वाचा."

साहेबांनी वाचलं. मोठ्यानं. "उजवा खांदा." मग पान उलटलं. "उजवा खांदा." आणखी एक पान. "उजवा खांदा, खूप." आणि चौथ्यांदा, "खांदा, सांगायची भीती वाटते."

चार! माझं त्यातलं एकच. बाकीचे तीन कोण? मी इकडेतिकडे बघितलं, आणखी काही जण इकडेतिकडे बघत होते. मला तोवर वाटत होतं, या अख्ख्या इमारतीत खांदा एकट्या माझाच आहे.

साहेबांनी वही मिटली. टेबलावरचे फॉर्म उचलून एच.आर.च्या बाईंकडे दिले आणि म्हणाले, "हे नकोत." मग भाऊंना म्हणाले, "सांगा, काय करायचं?"

भाऊंनी फार काही मागितलं नाही. दर बुधवारी एक फिजिओथेरपिस्ट यायला लागली. कुणीही जावं, नाव विचारायचं नाही. आणि रोज तीनला पॅन्ट्रीच्या भिंतीशी 'पाल'. हा व्यायाम त्या थेरपिस्टचाच होता, नाव भाऊंचं. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी पालीसारखं सरपटत हात वर न्यायचा, जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. ज्यांचा खांदा दुखतो त्यांनी तर करायचाच, पण ज्यांचा दुखत नाही त्यांनीही. म्हणजे कोण कशासाठी करतंय, कळायला नको. काय दृश्य असायचं! हिशेब तपासणीसापासून साहेबांपर्यंत तीस-चाळीस माणसं भिंतीला चिकटलेली, आणि भाऊ मागे फिरत ओरडतायत, "घाई नका करू, पाल पडीन!" मेलरूमच्या गड्याची खूण छतालाच लागायची. माझी पहिली खूण वीजबटणाच्या जरा वर होती. दिवाळीपर्यंत ती माझ्या हनुवटीशी आली. पुढच्या उन्हाळ्यात कपाळाशी. एकदा मी घरी विचार न करता वरच्या फळीवरचा डबा काढला आणि तो हातात धरून ह्यांना हाक मारली. ह्यांना वाटलं मी डाळ सांडली.

त्या भिंतीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा भाऊंनी खुणांचा तेवढा पट्टा सोडून रंग लावून घेतला. रंगाऱ्याला म्हणाले, "ही आमची पालींची जत्रा आहे, हिला हात लावू नको."

पासष्ट झाल्यावर मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम साडी नेसून गेले. पॅन्ट्रीत केक, समोसे, आणि माझी शेंगदाण्याची चटणी. भाऊ कपाटाशी उभे, हातात केकची बशी. मला म्हणाले, "ताई, वहीत काही लिहून जा."

मी वही घेतली आणि कशी कुणास ठाऊक, पहिलंच पान उघडलं. सगळी पानं फाडली तेव्हा त्यांनी ठेवलेलं ते. सगळी वही इंग्रजीत, आणि हे एक पान मराठीत. एकच ओळ, पेन्सिलीची, पुसट झालेली.

'दोन्ही गुडघे. बसलो की उठता येत नाही.'

मी भाऊंकडे बघितलं. बारा वर्षं उभे असलेले भाऊ. जिना चढताना दरवेळी एकच पाय पुढे टाकणारे भाऊ. व्हॅनमधून घसरणारे भाऊ. आणि आम्ही सगळे म्हणायचो, सो फिट!

"भाऊ," मी म्हटलं, "हे पान कुणाचं?"

ते केककडे बघत म्हणाले, "शिडीवर चढनाऱ्या मानसानं गुडघे दुखते म्हनून सांगावं काय, ताई?"

"सगळ्यांना विचारत फिरलात."

"हाव."

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

त्यांनी केकची बशी कपाटावर ठेवली. मग मीच त्यांच्यासमोर उभी राहिले, त्यांच्यासारखीच मान वाकडी करून, आणि विचारलं, "काय दुखते, भाऊ?"

एच.आर.च्या बाई, साहेब, मेलरूमचा गडी, सगळे ऐकत होते. भाऊ एकदा त्यांच्याकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गुडघे जी. लय दुखते."

साहेब लगेच म्हणाले, "बाऊ, तुमची शिडी आता दुसरा कुणी चढेल, तुमची नोकरी आहे तिथेच आहे." बाईंनी वहीत काहीतरी लिहायला सुरुवातही केली. पण मला ते पुरेना. मी माझी खुर्ची ओढली, त्यांनीच तीन वेळा दुरुस्त केलेली, आणि म्हटलं, "आता बसा. पाहुणे तुम्ही."

"बसलो त उठीन कसा?"

"ते मग बघू."

बसले! टेबलाला धरून, दात खाऊन, हळूहळू बसले. अख्खी पॅन्ट्री बघत होती, सिंहासनावर राजा बसताना बघावा तशी. एक समोसा खाल्ला, दुसरा खाल्ला. चटणी तिसऱ्यांदा मागून घेतली. म्हणाले, "बसूनही जातात की हो दोन जास्त!"

मग पाच वाजले, लोक निघायला लागले आणि भाऊंचा चेहरा उतरला. मेलरूमचा गडी पुढे झाला. मी त्याला हातानं थांबवलं. पदर खोचला, पाय रोवले आणि हात पुढे केला. उजवा.

भाऊंनी तो हात बघितला. मग भिंतीवरच्या खुणा बघितल्या, वीजबटणापासून पार वरपर्यंत.

"दुखते काय, ताई?" त्यांनी विचारलं.

"बोलू नका," मी म्हटलं. "उठा."